आईची पाठवणी

"झोया, मला नवरा बघ," आई म्हणाली आणि किमचीच्या कोबीला तिखट चोळत राहिली.

मी चहाचा पेला खाली ठेवला. "या वयात?"

"घर दोघांनाच मिळतंय. एकट्या बाईला कोण विचारतो!"

कोरियात परत जाणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी नवी घरं बांधली होती. आई सात वर्षांची असताना बापामागे साखालिन बेटावर, जपान्यांच्या कोळसा खाणीवर आली. लढाई संपली, बेट रशियाकडे गेलं, जपानी लोक जहाजांत बसून गेले आणि आमची कोरियन माणसं बंदरावरच राहिली. घरं फक्त त्याआधी जन्मलेल्यांना; माझा जन्म त्यानंतरचा, म्हणून तिथे मला जागा नव्हती. म्हणजे आईला नवरा शोधायचा, तो तिला माझ्यापासून लांब धाडायला!

तरी शोधला. आमच्या कोर्साकोव्ह गावच्या बाजारात आई चाळीस वर्षं किमची विकत होती, सगळे म्हातारे तिच्या ओळखीचे. एकाला तिने घोरण्यावरून नापास केलं, दुसऱ्याला दारूवरून. प्रत्येक नकाराला मी मनातून खूश व्हायचे. मग मला मा आडनावाचे एक काका आठवले. मासेमारीची जाळी विणणारे, विधुर, अबोल. कोरियात गावाकडे त्यांचा धाकटा भाऊ अजून वाट बघत होता. त्यांना मीच गळ घातली.

"तुझी आई फार बोलते गं."

"तुम्हाला ऐकू कमी येतं ना? मग झालं तर!"

लग्नात पाहुण्यांनी इथल्या रशियन रिवाजाप्रमाणे "कडू! कडू!" ओरडून, दारू गोड व्हावी म्हणून नवरानवरीचा मुका मागितला. आईने मा काकांच्या तोंडात मुळ्याची तिखटजाळ फोड कोंबली. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

विमानतळावरही ती हसतच होती. मा काका कमरेत वाकून मला म्हणाले, "येतो आम्ही, सासूबाई."

पुढे फक्त जाणाऱ्यांनाच सोडत होते. तिथे आईने माझी बाही घट्ट धरली. "मी नाही जात. तुला टाकून कुठे जाऊ?"

मा काकांनी बॅग खाली ठेवली. आई मागे फिरली, की त्यांचंही जाणं संपलं. 'नको जाऊस' माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

"असं कसं?" मी म्हणाले. "लग्न झालंय तुझं. नवऱ्याबरोबर जायचं, मुकाट्याने." आणि तिची बोटं मी एकेक करून सोडवली.

"फार कडक सासू मिळाली हो तुम्हाला," आई नाक पुसत मा काकांना म्हणाली आणि त्यांचा हात धरून आत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर मीच धावत जाऊन तिला घरी आणलं असतं.