वृंदाच्या वाट्याचे पाच थेंब

अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्या, कारखान्यात अधिकारी असलेल्या श्रीपादरावांच्या घरी रोज सकाळी एक समारंभ होई. मागच्या पायरीवर धाकट्या मधूला मांडीवर घेऊन त्याची आजी त्याला माशाचं तेल पाजी. घर कडक सोवळ्याचं. चातुर्मासात कांदासुद्धा दारातून परत जाई. पण गोवरानंतर दोन्ही मुलं वाळली, तेव्हा दिनानाथ डॉक्टरांनी हे तेल लिहून दिलं होतं. सहा वर्षांच्या वृंदाला पाच थेंब, अडीच वर्षांच्या मधूला पाच थेंब, दुधातून, रोज एकदाच.

आजीनं, म्हणजे सुनंदाच्या सासूबाईंनी, दोन दिवस विचार केला आणि शास्त्राचा गुंता आपल्या परीनं सोडवला. मुलगा बाटला तर पुढे मुंजीत शुद्ध होईल. मुलीच्या तोंडाला मात्र मासळी लागता कामा नये, उद्या तिला चांगल्या घरी द्यायची आहे. शिवाय एवढं पाप पदरी घ्यायचंच, तर नातवाला त्याचं फळ तरी पुरतं मिळावं, म्हणून थेंबांच्या जागी चमचा आला. औषधच ते, जास्त झालं तर अंगी लागेल, अपाय कसला! अति तेथे माती ही म्हण त्यांना पाठ होती; फक्त नातवाला ती लागू नव्हती.

हे सारं सुनंदाच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. आई होती ती वृंदाची. एकदा दबक्या आवाजात बोललीही. पण "तुला सोवळंओवळं मी शिकवू का?" एवढं ऐकल्यावर जी गप्प बसली, ती बसलीच, आणि त्या गप्प बसण्यालाच चांगुलपणा समजत राहिली. श्रीपादराव तर बायकांच्या कारभारात लक्ष घालत नसत, विशेषतः ते सोयीचं असे तेव्हा.

दोन महिन्यांत वृंदा दिवेलागणीला उंबऱ्याशी ठेचकाळू लागली. धांदरट म्हणून तिनं बोलणी खाल्ली. इकडे मधूची कातडी सोलवटली, केस गळू लागले, ओकाऱ्या सुरू झाल्या, पायाला हात लावला की तो किंचाळे. तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावणं गेलं. मुलासाठी, अर्थात.

डॉक्टर संध्याकाळी आले. चमचा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. या तेलातलं जीवनसत्त्व डोळ्यांना लागतंच, पण ते अंगात साचतं आणि फार झालं की विषासारखं बाधतं, असं त्यांनी समजावलं. तेल बंद केलं की पोरगा सुधारेल. मग त्यांनी वृंदाला बोलावलं.

ती भिंत चाचपत आली आणि त्यांच्या पायावरच पाय दिला. खोलीत अजून वाचता येईल इतका उजेड होता. डॉक्टरांनी तिचं तोंड खिडकीकडे वळवलं. उजव्या डोळ्यावर पांढरी साय धरली होती.

"तू तेल घेत नाहीस, बाळ?"

"मला द्यायचं नसतं," वृंदा म्हणाली. "माझं लग्न व्हायचंय."

सुनंदाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. उजवा डोळा हातचा गेलाय, डॉक्टर म्हणाले. डावा वाचवायचा तर उद्याच मुंबईला इस्पितळात न्या. ते गेल्यावर सासूबाईंनी तोंड उघडलं.

"इस्पितळात नेली की गावभर होईल. एका डोळ्याची मुलगी कोण करून घेईल? काय ते घरीच करू."

श्रीपादरावांनी आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"दुसराही गेला तर चालेल का हो तुम्हाला?" सुनंदानं नवऱ्याला विचारलं.

सकाळी ती एकटीच वृंदाला कडेवर घेऊन स्टेशनाकडे निघाली. वाटेत शेजारच्या मालिनीबाईंनी हटकलं, पोरीला काय झालं म्हणून. डोळे आलेत असं सांग, अशी सासूबाईंची ताकीद होती.

"डोळा गेला हिचा," सुनंदा भर रस्त्यात थांबून म्हणाली. "औषध घरात होतं, मालिनीबाई. मुलगी म्हणून दिलं नाही. आणि सासूबाईंनी दिलं नाही असं नका सांगू कोणाला. आई मी आहे. मी दिलं नाही."

मालिनीबाईंना दोन मुली आणि एक मुलगा. त्यांनी घाईघाईनं घरात जाऊन दोन्ही मुलींची तोंडं उजेडाकडे वळवली.