बायकांचं पिस्तूल

"बायकोसाठी हवंय." चाळीस मैलांच्या रस्त्यात व्हर्लिन हॅचने हे वाक्य इतक्या वेळा घोकलं की ट्वायला प्रुइटच्या दुकानासमोर पिकअप उभी करेपर्यंत ते त्याला जवळजवळ खरंच वाटायला लागलं होतं. आपल्या हार्लन्स फोर्ड गावात बंदुकांची दोन दुकानं असताना हा माणूस शेजारच्या काउंटीत कशाला तडमडला, असं कुणी विचारलं असतं तर त्याचंही उत्तर तयार होतं. ट्रॅक्टरचा पट्टा बघायला आलो होतो, म्हणणार होता. एकाहत्तर वर्षांचा गडी, शेरीफच्या खात्यात डेप्युटी म्हणून एकोणतीस वर्षं काढलेली, आणि आत शिरताना आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

झालं होतं असं. तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी भर दुपारी, कुणीतरी अनोळखी माणूस त्यांच्या शेडची कडी हलवत होता. त्यांचं घर खडीच्या रस्त्याच्या अगदी टोकाला, शेजार म्हणावा तर अर्ध्या मैलावर. त्याची बायको नदीन म्हणाली, "व्हर्लिन, बघ रे कोण आहे तो." व्हर्लिनने ड्रॉवरमधलं पिस्तूल काढलं. त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही, आणि आयुष्यभर त्याने ती डोळे झाकून खेचली होती. त्या दिवशी ती हलेना. अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दुसऱ्यांदा खेचून पाहिली, तिसऱ्यांदा दात-ओठ खाऊन खेचून पाहिली. शेवटी गोळी न चढलेलं पिस्तूल हातात धरून तो पडद्याआड नुसता उभा राहिला, आणि त्याच्या पाठीमागे नदीन उभी राहिली, अगदी निर्धास्त.

माणूस वाट चुकलेला निघाला, गवताचे भारे बघायला आलेला. एवढ्यावर मिटलं असतं. पण रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच्या जेवणात नदीनने टेबलाटेबलाशी जाऊन सांगितलं, "मला काडीचीही भीती वाटली नाही. माझा व्हर्लिन पुढे होता ना!" लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. व्हर्लिन ताटातल्या बटाट्याच्या सॅलडकडे बघत बसला. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तीन आठवडे झाले तरी ती उतरली नव्हती.

हातांत जोर नसलेल्यांनी ट्वायलाकडे जावं, असं त्याने हातांच्या डॉक्टरकडे बाहेर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. काउंटरमागे उभी असलेली बाई पन्नाशीची होती. तिचीही बोटं एकीकडे झुकलेली, सांधे सुजलेले. तिने व्हर्लिनकडे जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बोला साहेब."

"बायकोसाठी हवंय. घरात ठेवायला. तिच्या हातांत जोर राहिला नाही. संधिवात."

"कुठला हात?"

"दोन्ही. पण उजवा जास्त. अंगठ्याच्या मुळाशी धरतो. सकाळी सकाळी तर दात घासायचा ब्रशसुद्धा धरवत नाही. थंडीत आणखीच वाईट."

"बायकोकडे फार बारीक लक्ष आहे हो तुमचं," ट्वायला म्हणाली.

व्हर्लिनचे कान तापले. तो घाईघाईने काचेतल्या एका लहानशा रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवून म्हणाला, "ते द्या की ते, आखूड नळीचं. बायकांचं पिस्तूल."

ट्वायलाने ते काढलं, रिकामं आहे हे त्याला उघडून दाखवलं आणि समोर ठेवलं. "चाप ओढा. दहा वेळा."

"मी कशाला?"

"तुमचे हात तर धडधाकट आहेत. तुम्हाला काय जड आहे!"

त्याने ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मनगट थरथरलं. चौथ्यांदा चाप अर्ध्यावर आला आणि बोट तिथेच थांबलं, पुढे जाईना. त्याने ते खाली ठेवलं आणि गंभीर चेहरा करून म्हणाला, "बराय चाप."

"लहान दिसतं म्हणून सगळ्यांना सोपं वाटतं," ट्वायला म्हणाली. "चाप दगडासारखा, आणि वजन नाही म्हणून गोळी सुटली की धक्का सगळा हातात. मलाही हेच दिलं होतं. हार्लन्स फोर्डला चर्चच्या तळघरात बायकांचा वर्ग असायचा, दर वसंतात. अठरा वर्षं झाली. तेव्हाच माझे हात जायला लागले होते. मला स्लाइड ओढता येईना. तर मास्तर म्हणाले, 'पोरी, तुला लोणच्याची बरणी कोण उघडून देतं? त्यालाच बोलाव की!' सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. मग त्यांनी हे माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, हे घे, बायकांचं पिस्तूल."

व्हर्लिनला बाईचा चेहरा आठवेना. विनोद मात्र लख्ख आठवला. तो विनोद त्याने सव्वीस वसंत दर वर्गात केला होता, आणि दर वर्गात तो पिकला होता.

"दोन वर्षांनी माझा आधीचा नवरा माझ्या तेव्हाच्या ब्युटी पार्लरमध्ये शिरला," ट्वायला सांगत राहिली, आवाज न चढवता. "मी हे काढलं, चाप ओढला. अर्ध्यावर बोट थांबलं. आत्ता तुमचं थांबलं तसंच. त्याने लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसं ते काढून घेतलं, आणि माझं मनगट तिथेच मोडलं. शेजारच्या दुकानातली माणसं धावून आली म्हणून मी आज उभी आहे."

आता बोलायला हवं होतं. तो मास्तर मी, एवढंच म्हणायचं होतं. व्हर्लिनने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "मग माझ्या बायकोला काय द्याल?"

"तिचे हात आणा. हात बघितल्याशिवाय मी पिस्तूल विकत नाही. नियमच आहे माझा."

घरी येताना त्याने स्वतःला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. पण खोट्याला एकदा पाय फुटले की ते माणसाला ओढतच नेतं. संध्याकाळी तो नदीनला म्हणाला, "तुझ्यासाठी एक पिस्तूल घ्यावं म्हणतो. दुकान बघून आलोय. चल मंगळवारी." आणि नदीन, जिला बेचाळीस वर्षांत त्याने गवत कापायच्या यंत्राखेरीज न मागता काही आणून दिलं नव्हतं, भांडी घासता घासता थांबली. "माझ्यासाठी?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा खुलला की व्हर्लिनला तिथून उठून कोंबड्यांकडे जावं लागलं.

मंगळवारी ती लिपस्टिक लावून निघाली. दुकानात पाय ठेवताच तिने ट्वायलाचा ताबा घेतला.

"माझा नवरा कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला? सव्वीस वर्षं बायकांना नेमबाजी शिकवलीय त्याने, आमच्या चर्चच्या तळघरात. एक पैसा न घेता!"

"ठाऊक आहे," ट्वायला म्हणाली. "मी दुसऱ्या रांगेत बसायचे."

"अगंबाई! व्हर्लिन, बघ तरी! तुझी विद्यार्थिनी!" नदीनने त्याला कोपराने ढोसलं. "आणि ओळख दिली नाहीस गेल्या वेळी?"

धरणीने पोटात घ्यावं असं व्हर्लिनला झालं. ट्वायलाने त्याच्याकडे न बघता तीन पिस्तुलं काउंटरवर मांडली. नदीनने चौतीस वर्षं कोंबड्या कापायच्या कारखान्यात सुरी चालवली होती. तिने त्यातलं सगळ्यात कडक पिस्तूल उचललं आणि ट्वायलाने दाखवल्याप्रमाणे स्लाइड मागे ओढली, खटकन. पुन्हा ओढली, खटकन. "हे तर माझ्या ओट्याखालच्या ड्रॉवरपेक्षा हलकं आहे," ती म्हणाली.

"बाई, तुमचे हात ठणठणीत आहेत," ट्वायला म्हणाली आणि व्हर्लिनकडे बघून थांबली.

तिने त्याला संधी दिली होती, हे त्यालाही कळलं. आणि तरीही, या माणसाची कमाल अशी की, तो म्हणाला, "येतं-जातं तिचं. आज बरा दिवस दिसतोय."

"माझं?" नदीन म्हणाली. "माझं काय येतं-जातं?"

दुकानात चौथं कुणी नव्हतं, हे त्यातल्या त्यात नशीब. व्हर्लिनने टोपी काढली. मग दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले.

"हात माझे आहेत," तो म्हणाला. "आणि ट्वायला, तो बरणीचा विनोद करणारा मास्तरही मीच."

"तुम्ही दार ढकलून आत आलात तेव्हाच ओळखलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला तुम्ही हवं होतात. मी नाही."

नदीन दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिची बोटं पिस्तुलावरून हळूहळू सुटली. "म्हणजे त्या शनिवारी..." ती म्हणाली.

"गोळी चढलीच नव्हती. मला स्लाइड ओढता आली नाही."

"आणि मी चर्चभर दवंडी पिटत फिरले." ती स्टुलावर बसली. "मला तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी ओढून दिली असती रे."

ट्वायलाने व्हर्लिनचा उजवा हात उचलला, अंगठ्याचं मूळ दाबून पाहिलं, आणि कपाटातून चौथं पिस्तूल काढलं. जरा मोठं, जरा जड, पण आतली स्प्रिंग मऊ. "ओढू नका. डाव्या पंज्याने वरून घट्ट धरा आणि उजव्या हाताने खालचं पिस्तूल पुढे ढकला. जोर खांद्यातून येऊ दे." तिसऱ्या प्रयत्नाला खटकन आवाज झाला. नुकतंच काही जमलेल्या पोरासारखं त्याला हसू आलं, आणि लगेच त्या हसण्याचीही लाज वाटली.

"ट्वायला, मी तुझी माफी..."

"माफीचं नंतर बघू. त्या सव्वीस वर्षांत ते बारकं रिव्हॉल्व्हर कितीजणींच्या हातात दिलंत?"

व्हर्लिनला आकडा सांगता येईना. ट्वायलाने एक कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "नावं लिहा. त्यातल्या कित्येकींच्या उशाशी ते अजून पडलेलं असणार, आणि आपल्याकडे काहीतरी आहे म्हणून त्या बिनघोर झोपत असणार. फोन मात्र तुम्ही करायचा, मी नाही."

त्याने लिहायला सुरुवात केली. अक्षर वेडंवाकडं येत होतं. नऊ नावांवर गाडी अडली. बाकीच्या सगळ्यांना तो 'पोरी' म्हणत असे, नाव विचारायची गरजच पडली नव्हती. मग नदीनने कागद स्वतःकडे ओढला. दर वर्गाला लिंबाचे केक भाजून न्यायची ती, तिला एकेक आठवत होती. कोण कुणाची सून, कोण विधवा झाली, कोण गाव सोडून गेली. बत्तीस नावं झाली. तिने पेन ठेवलं, आणि मग पुन्हा उचललं.

"एक राहिलं."

"कोण?"

"आपली कॉरीन."

कॉरीन त्यांची एकुलती एक मुलगी, लिटल रॉक शहरात एकटीच राहायची. तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला त्याने तसलंच बारकं रिव्हॉल्व्हर रिबीन बांधून दिलं होतं.

"गेल्या ख्रिसमसला तिच्या स्वेटरची बटणं मी लावून दिली," नदीन त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तिचे हात तुझ्यावर गेलेत, व्हर्लिन."

ट्वायलाने काउंटरवरचा फोन त्याच्याकडे सरकवला. त्याने आकडे दाबले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा घंटी वाजली.

"बाबा? तुम्ही कसा काय फोन केलात? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. कॉरीन, तुझे हात कसे आहेत?"

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"आईनं सांगितलं ना?" ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "मी तिला बजावलं होतं हो. म्हटलं, बाबांना एवढं कळू देऊ नकोस."