रुमालाखालचा भाव

मी मिरचीचा दलाल. वामनराव म्हणा का वामन्या म्हणा, मले फरक पडत नाही. इतवारीच्या बाजारात आडत्याच्या ओट्यावर तीस वर्षं ओरडून आवाज असा झाला का नुसतं 'या, बसा' म्हणलं तरी माणसाले वाटते, हा भांडून राहिला. पण त्या हप्त्यात मी कोणाशीच भांडलो नाही. डॉक्टरशी तरी भांडायले पाहिजे होतं, हे मले अजून सलते.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. माघ महिना, हंगाम जोरात. सोमवारी सकाळी आम्ही तिघं धंतोलीत एका नर्सिंग होमात गेलो. मी, टेलिफोन एक्सचेंजातला ऑपरेटर केशव, अन् कचेरीतला कारकून शरच्चंद्र, म्हणजे आमचा शरद. वीस वर्षांपासून आम्ही रोज संध्याकाळी सहा वाजता गांधीबागेत एकाच चहावाल्याच्या बाकावर बसत होतो. शरद पेपर वाचे अन् आम्ही दोघं ऐकत होतो. मी चौथीपर्यंत शिकलो, पण अक्षर जुळवता जुळवता माहा चहा थंडा होते. केशवले वाचता येते, पण दोन ओळी झाल्या का तो स्वतःचंच पुराण सुरू करते. शरदचा आवाज असा का बाजूच्या बाकावरचे लोक आपला पेपर मांडीवर ठेवून त्याचा ऐकत.

त्याच आवाजात चार महिन्यांपासून खरखर होती. डॉक्टरनं त्याले आत घेऊन सांगितलं का गळ्यात गाठ आहे, येत्या सोमवारी आवाजाची पेटी काढावी लागेल, बोलता येणार नाही पण जीव वाचेल. तो बाहेर आला तशी डॉक्टरनं मले हाक मारली. "तुम्ही भाऊ का?" मी हो म्हणून दिलं. डॉक्टर म्हणे, गाठ पसरली आहे. श्वास कोंडू नये म्हणून पेटी काढू, पण पुढं दोन महिने. फार तर. पेशंटला सांगू नका, घरच्या बाईंनाही नको.

त्या काळी असंच होतं. घरातल्या एका माणसाच्या डोक्यावर धोंडा ठेवायचा अन् बाकीच्यांले हसत ठेवायचं. शरद पानठेल्यावर उभा होता तेवढ्यात मी केशवले सांगितलं. केशव म्हणे, "अबे, मले काहून सांगितलं?" अन् चष्मा काढून पुसत बसला.

शरद पान न खाताच परत आला. म्हणाला, "आठवडा आहे माझ्याकडे. काशी नको, रामटेक नको, काही नको. रोजच्यासारखंच राहायचं. अन् माझ्याशी कोणी हळू आवाजात बोलला तर याद राखा."

मंगळवारी सहा वाजता त्यानं पेपर उघडला अन् माह्या मांडीवर टाकला. "वाच."

"पागल झाला का बे?"

"पुढच्या मंगळवारी कोण वाचणार? हा केशव? वाच."

मी बोट ठेवून वाचलं. पाण्याच्या नळाची बातमी होती, चार ओळींची. जुळवता जुळवता घाम फुटला. बाजूच्या बाकावरचा एक जण हसला तशी शरद त्याच्या अंगावर धावला, "तुम्ही वाचता का? या, वाचा!" शेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा पेपरातली एक बातमी पुरी वाचली. काय सांगू, मले आनंद झाला. अन् आनंद झाला म्हणून स्वतःचीच चीड आली.

बुधवारी तो माह्या बाजारात आला. वीस वर्षांत कधी आला नव्हता, ठसक्याचं भेव वाटे त्याले. भिवापुरी मिरचीचा ढीग पडला होता, नुसता लाल. नाकातोंडाले ओला पंचा बांधून तो दूर ओट्याच्या कडेले बसला अन् आमचा सौदा पाहत राहिला. आमच्याकडे भाव तोंडानं होत नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातावर टाकायचा अन् खाली बोटं दाबायची. दोन बोटं दाबली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. कशाचे पाच, तेवढं अगोदर ठरलेलं राहते. नामंजूर असलं तर समोरचा हात झटकते, मंजूर असलं तर मूठ बंद करते. मूठ बंद झाली का सौदा पक्का, मंग बापाचं बी ऐकायचं नाही.

शरदले ते इतकं आवडलं का त्यानं माहाच रुमाल ओढून माह्या हातावर टाकला. "शिकव."

मी शिकवलं. अन् शिकवता शिकवता, माही जीभ झडो, शेखी मिरवली. म्हणलं, "रुमालाच्या वर आम्ही वाट्टेल ते बोलतो. माल सडका आहे म्हणतो, लेकराची शपथ खातो. पण रुमालाखाली खोटं चालत नाही. खोटा भाव देणाऱ्याची बोटं घाई करतात, हाताले लगेच समजते. खऱ्या भावाले हात थांबते."

"कधीच खोटं नाही?"

"तीस वर्षांत एकदा बी नाही."

त्यानं मान हलवली अन् रुमाल घडी करून माह्या खांद्यावर ठेवून दिला.

गुरुवारी केशवनं नोकरीची पर्वा न करता त्याले एक्सचेंजात नेलं. कचेरीतला फोन साहेबाच्या टेबलावर, कारकुनाच्या हाती तो कधी येत नाही. शरदनं जन्मात फोनवर बोलून पाहिलं नव्हतं. केशवनं शरदच्या घराशेजारच्या सोनाराच्या दुकानात फोन लावला अन् त्याच्या बायकोले, शामलावहिनीले, बोलावून घेतलं. मी बाजूलेच उभा होतो.

"कोण?" वहिनीचा घाबरलेला आवाज मले बी ऐकू आला.

"मी."

"काय झालं? काय पाहिजे?"

"काही नाही. आवाज येतो का नीट?"

"येतो."

"बरं."

केशव खाणाखुणा करून राहिला, बोल ना बे, लाइन चालू आहे. शरदनं फोन कानाले तसाच धरला होता. थोड्या वेळानं वहिनी म्हणाली, "संध्याकाळी लवकर या." तो म्हणाला, "येतो," अन् फोन उलटाच ठेवला. बाईनं लग्नाच्या वीस वर्षांत नवऱ्याचा फोन एकदाच घेतला, तो असा.

शुक्रवार-शनिवार काहीच झालं नाही. सहा वाजले, चहा आला, त्यानं पेपर वाचला, खरखरत. रविवारी भरती केलं.

ऑपरेशन झाल्यावर त्याले पाटी दिली. वहिनीशी पाटी, केशवशी पाटी, नर्सशी पाटी. मी गेलो का मात्र पंचाईत. त्याचं कारकुनी अक्षर, भरभर लिहिलेलं. मी "पा... णी" करेपर्यंत नर्स पाणी देऊन निघून बी जाये. तो बिनआवाजाचा हसे, गळ्याच्या भोकातून हवा निघे. मले ते पाहवत नव्हतं, तरी रोज गेलो.

दहाव्या दिवशी दुपारी वहिनी खिडकीपाशी धुतलेल्या कपड्याच्या घड्या करून राहिली होती. घरी गेल्यावर गच्चीवर ऊन चांगलं मिळेल, असं काहीतरी आपल्याशीच बोलत होती. शरदनं पाटी उचलली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं अन् ते बोट पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत हवेत फिरवलं. पुरा महिना. मंग त्यानं माह्या खांद्यावरचा रुमाल ओढला, दोघांच्या हातावर टाकला अन् खाली आपला हात पुढं केला.

मले समजलं. महिने किती, ते तो विचारून राहिला होता.

मी हात मागं घेऊ पाहिला, त्यानं घेऊ दिला नाही. तोंडानं विचारलं असतं तर मी छातीठोक खोटं बोललो असतो, शंभर वर्षं जगशील लेका म्हणलं असतं. पाटीवर विचारलं असतं तर मले वाचताच आलं नाही म्हणलं असतं. पण त्यानं बरोबर तिथं धरलं जिथं मीच त्याले दार दाखवलं होतं.

मी पटकन सगळा पंजा धरला. पाच.

त्यानं हात झटकला. अन् पुन्हा पुढं केला.

मी तीन बोटं दाबली. त्यानं झटकला. या वेळी हळूच, चिडून नाही. पुन्हा पुढं केला.

सौद्यात भाव वर चढते, मी तीस वर्षं चढवतच आलो. हा उतरून राहिला होता अन् मी रडून राहिलो होतो, वहिनीकडे पाठ करून. मंग मी त्याची दोन बोटं धरली. सोडता आली नाहीत.

शरदनं मूठ बंद केली.

किती वेळ तशी धरली, मले आठवत नाही. हात गरम होता त्याचा. वहिनीनं मागं वळून पाहिलं अन् कितीतरी दिवसांनी हसली. "काय हो भाऊजी, इथं बी भाव करून राहिले का? काय ठरलं?"

मी नाक पुसलं. रुमालाच्या वर काय बी बोलता येते.

"ठरलं वहिनी," मी म्हणलं. "पुढच्या हंगामाले भिवापूरले जाऊन मिरचीची वावरं पाहायची. तुम्ही बी चला."

ती म्हणाली, "ठसका लागेल हो यांना." शरदनं नाही नाही अशी मान हलवली अन् माही बोटं अजून घट्ट धरली.