मापट्यात मोजलेली फौज

मित्रांनो, मी एक जुने पितळी मापटे आहे. वडीगोद्रीतील एका स्वयंपाकघराचा कोनाडा हे माझे घर. झुंबरबाईंनी काठावरून बोट फिरवून, पारखून मला अंबडच्या बाजारातून आणले. पुढे त्यांची सून कौसल्या उंबरठ्यावर मला पायाने लवंडून या घरात आली. तो माझा पहिला मान. झुंबरबाईंचा दंडक एकच होता, मला कधी रिते ठेवायचे नाही. तळाशी चार दाणे तरी असलेच पाहिजेत.

सन १९८९ मध्ये त्यांचा मुलगा तातेराव, जो पोलिसांत फौजदार होता, संयुक्त राष्ट्रांच्या पथकातून आफ्रिकेतील नामिबियाला निघाला. तो देश दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातून स्वतंत्र व्हायचा होता. तिथली निवडणूक धाकाशिवाय पार पडावी, म्हणून या पथकाला नजर ठेवायची होती.

तिथे बंदूकवाले किती, असे झुंबरबाईंनी विचारले. तातेरावाने मला ज्वारीने शिगोशीग भरले. एक दाणा म्हणजे शंभर माणसे. भरलेले मी म्हणजे अवघा देश. मग त्यातून त्याने एक लहानशी मूठ काढली. हे तिथे येऊन वसलेले गोरे. नंतर जेमतेम दोन चिमट्या काढल्या. हे सैनिक आणि पोलीस. नेमक्या आकड्यावर कोणाचेच एकमत नाही, हेही त्याने सांगितले.

झुंबरबाईंनी त्या दोन चिमट्या तळहातावर घेतल्या.

"एवढ्याशा दाण्यांनी एवढं मापटं दाबून धरलं व्हय रे?"

"धरलं माय. म्हणून तर चाललो."

मग त्यांनी देशाची ज्वारी कणगीत ओतली आणि गोऱ्यांची मूठही तिच्यातच टाकली. ज्यांना सगळ्यांसारखे नांदायचे त्यांनी खुशाल नांदावे, असे त्यांचे मत पडले. माझ्यात परत पडले फक्त बंदूकवाले, आणि त्यांच्यात गव्हाचा एक दाणा. तो तातेराव.

पत्र आले की कौसल्या वाचून दाखवी. फौज छावणीत बंद झाली, घटत घटत दीड हजारावर आली. जितके सैनिक कमी होत, तितक्यांचे दाणे झुंबरबाई माझ्यातून वेचून चिमण्यांना टाकत. मग दोन महिने पत्रच आले नाही. त्या रोज सकाळी मला उचलून गव्हाचा दाणा आत आहे ना, ते पाहत.

अशात एके दिवशी शेजारच्या सगुणाबाई दळण मापायला मला मागायला आल्या. कौसल्येने घाईत माझ्यातले दाणे दुरडीतल्या ज्वारीत ओतले आणि मला देऊन टाकले. झुंबरबाई शेतातून आल्या तेव्हा कोनाडा मोकळा होता. त्या रागावल्या नाहीत. नुसत्या खाली बसल्या. कौसल्येला तेच सोसेना. तिने मला परत आणले आणि दुरडीतली ज्वारी सुपात घेऊन दुपारभर दाणा न् दाणा पाहिला.

"आत्याबाई, गहू सापडला. पण सोजीर न्हाई सापडून राह्यले."

"राहू दे. त्यान्ला जायाचंच हाय. आपला बराबर हाय ना, मंग झालं."

त्या एका दाण्याने मला रिते राहू दिले नाही.

पुढे पत्र आले. निवडणूक पार पडली होती, शेवटचे सैनिकही निघून गेले होते. नव्या वर्षी मार्चअखेर, तो देश स्वतंत्र झाल्यावर, तातेराव एस.टी.तून उतरला, तेव्हा झुंबरबाईंनी मला काठोकाठ भरून उंबरठ्यावर ठेवले होते. वर गव्हाचा दाणा होता.

"वलांड."

"माय, मी काय नवरी हाय?"

"नवरीनं सुदिक एवढी वाट पाह्यला लावली न्हवती. वलांड."

कौसल्येने तोंडाला पदर लावला. फौजदारसाहेबांनी बूट काढले आणि उजव्या पायाने मला लवंडले. एक अवघा देश त्या घरात मोकळा होऊन सांडला.

आता मापायला वजनकाटे आले आहेत. माझ्या काठाला पोचा पडला आहे, दोनदा मी मोडीत निघाले होते. कौसल्येने मला जाऊ दिले नाही. ती अजून मला चिंचेने घासते. मित्रांनो, तुमच्या घरातील जुने माप मोडीत घालण्याआधी त्याने काय काय मापले आहे, ते घरातील थोरांना विचारा. आणि त्याला कोनाड्यात परत ठेवाल, तेव्हा तळाशी चार दाणे असू द्या. माझ्या तळाशी आजही आहेत; त्यांतला एक गव्हाचा आहे.