चारशे शिपाई आणि एक जातं

"तोंडातून कुणाचं वाईट काढायचं न्हाई, आन् इचारलं तर खोटं सांगायचं न्हाई. दोन्ही एकदम जमंना झालं, तर तोंडात खडीसाखर धरायची."

माझ्या सासूबाई राहीबाई यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी चुलीपुढं बसवून मला हे सांगितलं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण आवाज अजून कानात आहे. माझे रोजचे नेम तीन. पहाटे पोथीतल्या नऊ ओव्या वाचल्याशिवाय पाणी नाही. रोज एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि वद्य एकादशीला नेवाशाच्या देवळात पोचतं करायचं. आणि दिवा लागेपर्यंत जिभेनं किंवा हातानं कुणाला दुखवायचं नाही. खडीसाखर हा काही चौथा नेम नव्हे, ती पळवाट. पण ती सासूबाईंनीच दाखवलेली, म्हणून तिची डबी देवघरातच असते.

त्या डबीनं मला तीस वर्षं सांभाळलं. नणंदेच्या हातची पुरणपोळी असो, भावकीतल्या लग्नातला बँड असो, नाहीतर आमच्या ह्यांचं सत्कारातलं भाषण असो. कुणी मत विचारलं की मी खडा तोंडात टाकायची आणि मान हलवायची. मान कशी हलली ते ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं घ्यावं.

मग सूनबाईनं खेळ केला, आणि माझी पळवाट बुजली.

आमची मोनिका संगमनेरची. कॉम्प्युटर शिकलेली. माझा मुलगा समर्थ कारखान्यावर ड्यूटीला जातो आणि ही माडीवर बसून काम करते. तीन वर्षं खपून तिनं एक व्हिडिओ गेम केला. जोडीला दोन मैत्रिणी, त्या पुण्यात. खेळाचं नाव 'तटबंदी'. चारशे वर्षांपूर्वीचा भुईकोट किल्ला, सात दरवाजे, आत चारशे शिपाई, आणि आपल्या हातात तोड्याची, वात पेटवून उडवायची बंदूक. आपण म्हणजे नुसते हात आणि बंदूक. एकेक दरवाजा फोडत, शिपाई पाडत किल्लेदारापर्यंत जायचं.

खेळ बाजारात आणायच्या आधी, ज्यानं आयुष्यात कधी खेळ खेळला नाही अशा माणसाकडून तो खेळवून घ्यायचा असतो म्हणे. असं माणूस घरातच होतं. मोनिकानं मला खुर्चीवर बसवलं, कोणतं बटण दाबलं की चालतो, कोणतं दाबलं की बार उडतो, ते दाखवलं. मी म्हटलं, दिवस मावळला नाही, मी कुणाला मारणार नाही.

"आई, ते चित्र आहे."

"चित्रातल्या देवाला आपण हात जोडतोच की गं."

ती हसली आणि म्हणाली, बरं, मग दरवाजे मी उघडून देते, तुम्ही नुसतं फिरा.

मी फिरले. तिची मेहनत मोठी, यात शंका नाही. तटावरचं गवतसुद्धा वाऱ्यानं हलत होतं. आत एक देऊळ दिसलं म्हणून पायताण काढावं म्हटलं, खाली बघितलं तर पायच नाहीत. मागच्या अंगाला कोठार होतं. तिथं एक म्हातारी जातं ओढत बसलेली. असं जातं आता आमच्या सोनईत फक्त दोन गल्ल्या पलीकडं, आक्काबाईकडं उरलंय, म्हणून मी कौतुकानं जवळ गेले. म्हातारी दोन्ही हातांनी खुंटा धरून गरगर फिरवत होती. सूप नाही, दाणा नाही. जात्याच्या तोंडात काही पडत नव्हतं आणि पाळीत पीठही पडत नव्हतं. रिकामं जातं. आमच्याकडं रिकामं जातं फिरवत नाहीत, घरातलं अन्न आटतं म्हणतात. 

आणि मग मला वाटलं, चारशे माणसं जर या एका जात्यावर जगत असतील, तर त्यांना मारायला बारूद कशाला हवी? मी बाहेर येऊन पहिल्या दरवाजापाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले.

तिसऱ्या दिवशी मोनिकानं विचारलं, "आई, कसा वाटला?" डोळे असे लावून बघत होती की मी खडा तोंडात टाकला आणि मान हलवली. तिनं मला मिठी मारली. मान हलवून मी आजवर कुणाची मिठी घेतली नव्हती. ती मिठी मला दिवसभर टोचत राहिली.

गणपतीत खेळ बाजारात आला. घरच्यांची मदत म्हणून मोनिकानं एक प्रत आमच्या ह्यांच्या नावानंही घ्यायला लावली. ह्यांना सगळं गाव काकासाहेब म्हणतं, खताचं दुकान आहे, माऊसला त्यांनी हात लावला तो फक्त बाजूला सरकवायला. ह्यांचं खातं माडीवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडं असायचं. खेळाखाली लोक आपापली मतं लिहितात, ती मी तिथं वाचू लागले. एकानं लिहिलं होतं, बंदूक भरेपर्यंत चहा उकळून होतो. दुसरा म्हणे, दरवाजे सात पण मिस्त्री एकच दिसतो. तिसऱ्यानं लिहिलं, शिपाई रुसलेल्या जावयासारखे भिंतीकडं तोंड करून उभे राहतात. परदेशातल्यांची मतं मोबाईल मराठीत करून द्यायचा. त्यातला एक म्हणत होता, 'या किल्ल्याने माझे डोके उडवले नाही.' त्याचं काय दुखत होतं ते कळलं नाही.

जात्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मनात आलं, मडक्याला भोक आहे म्हटलं तर ती कुंभाराची निंदा होते का? नाही होत. शिवाय दिवा लागून गेला होता. मी एका बोटानं लिहायला बसले.

'किल्ला देखणा आहे. करणारीचा हात गोड आहे. पण आत चारशे शिपाई आणि जातं एकच, तेही रिकामं. त्यामुळे मी एकही गोळी झाडली नाही. उपासमारीनं ते आपण होऊन बाहेर येतील म्हणून दोन दिवस पहिल्या दरवाजाशी बसून वाट पाहिली. कुणी आलं नाही. जे जेवत नाहीत ते मरतील कसे, हे मला कळलं नाही. देवळात जायला पायही द्यावेत, म्हणजे पायताण काढता येईल.'

लिहिलं, खालचं बटण दाबलं. वर नाव उमटलं ते ह्यांचं. ते पुसायचं कसं, मला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी फार शोधलंही नाही.

आठवड्यात सातशे लोकांनी त्या मताला 'उपयोगी' म्हटलं. मग जगभरातले लोक तोड्याच्या बंदुका खाली ठेवून पहिल्या दरवाजापाशी बसायला लागले. किती वेळ बसलो ते एकमेकांना सांगायला लागले. एकानं नऊ तास काढले. मोनिकाच्या मैत्रिणी हबकल्या. गोळीबाराचा खेळ आणि गोळीच कुणी झाडत नाही. त्यांनी निरोप धाडला, दिवाळीपर्यंत लोकांची मतं सुधारली नाहीत तर खेळ गुंडाळायचा आणि ज्यानं त्यानं नोकरी बघायची.

मोनिका कुणावर चिडली नाही. तिनं फक्त सासऱ्यांना वाढताना 'अजून एक भाकरी?' असं विचारणं सोडलं. ह्यांनी आधी कानावर हात ठेवले, मी असलं काही लिहिलेलंच न्हाई म्हणून. मग एक दिवस दुकानात सोसायटीचे साहेब आले, त्यांच्या मुलानं ते मत वाचून दाखवलं, आणि साहेब म्हणाले की काकासाहेब, तुमची नजर बारीक. त्या दिवसापासून ह्यांनी कान मोकळे केले. रात्री जेवताना म्हणाले, "लई इचार करून लिव्हलं व्हतं मी ते." मी तोंडात दोन खडे टाकले.

मला भीती एकाच गोष्टीची होती. मोनिकानं सरळ विचारलं तर मला सांगावं लागणार, आणि ती मिठी खोटी ठरणार. म्हणून ती माडीवरून उतरली की मी खडा तोंडात टाकायची. डबी पंधरा दिवसांत दोनदा भरली. वाण्यानं विचारलं, घरात कसलं कार्य आहे का? तोंडात खडा होताच. मान हलवली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दुपारी मोनिका कॉम्प्युटर घेऊन खाली आली आणि ह्यांच्यासमोर बसली. तिनं रडून घेतलं होतं, पण आवाज ताठ होता. ह्यांना ती नाना म्हणते. म्हणाली, नाना, तुमचं बरोबर होतं. शिपायांना भूक लावायची मी ठरवलंय. जातं थांबलं की ते दरवाजा उघडतील. पण जात्यात दाणे कसे घालतात ते मला माहीत नाही, घरात जातं मी पाहिलेलं नाही. तुम्ही सांगा, मी तसं करते. हेच शेवटचं, यातही चुकलं तर मी खेळ बंद करणार आहे.

मी भाजी निवडत होते. खडा तोंडात होता.

ह्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "वंजळभर घालायचं. भरून. जितकं जास्त घालशील तितकं लवकर उरकतंय."

माझ्या दाताखाली खडा कडकन् फुटला.

"मुठीनं घालतात," मी म्हटलं. "आणि मूठही सगळी एकदम सोडायची नाही. उजव्या हातानं खुंटा ओढायचा, डाव्या मुठीतून थोडं थोडं सुटू द्यायचं. ओंजळ घातलीस तर भरडा निघेल."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. आमच्या ह्यांच्याबद्दल वाईट निघू नये म्हणून मी घाईनं म्हटलं, "ह्यांनी सांगितलं ते भरड्याला अगदी बरोबर आहे."

मोनिकानं माझ्याकडं बघितलं, मग देवघरातल्या डबीकडं, मग परत माझ्याकडं.

"आई, ते मत तुम्ही लिहिलंत?"

विचारलं. तोंडातला खडा विरघळला होता आणि डबी चार पावलं लांब होती.

"हो गं."

"मला तोंडावर का नाही सांगितलंत?"

"तुला लागलं असतं."

"आणि सातशे लोकांदेखत नाही लागलं?"

मी हातातली भाजी खाली ठेवली. मी म्हटलं, "तेव्हा मी मान हलवली ते चुकलं माझं." ह्यांनी चपला घातल्या आणि दुकानात गिऱ्हाईक थांबलंय म्हणून निघून गेले. दुपारी अडीचला आमच्या दुकानात माशीही फिरकत नाही.

 मोनिकानं मोबाईलचा कॅमेरा माझ्या हातांवर धरला आणि म्हणाली, "मूठ कशी? दाखवा." मी परातीत ज्वारी घेऊन दाखवलं. तिनं चार वेळा करायला लावलं, बांगड्यांसकट. चौथ्या वेळेला म्हणाली की हेच हात घेते म्हातारीला, तिचे नाहीतरी लाकडासारखे होते. नंतर हळूच, माझ्याकडं न बघता, "आई, देवळाच्या दारात पायसुद्धा देते. पण तेवढ्यापुरतेच."

"आणि आवाज?" मी विचारलं. "तुझं जातं मिक्सरसारखं वाजतं."

आता एकदा तोंड उघडलंच होतं.

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा जराशी हसली. म्हणाली, मग तुम्हीच आणा. खऱ्या जात्याचा, दाणे घातलेल्या जात्याचा आवाज. मध्ये टेम्पो नको, कुणाचं बोलणं नको. उद्या सकाळी नऊच्या आत, कारण नऊला पुण्याच्या मैत्रिणींशी बोलणं आहे. मी म्हटलं, आणते. कबूल.

कबूल करून बसले आणि मग आठवलं, जातं आहे आक्काबाईकडं. आक्काबाई दळताना बोलते, निवडताना बोलते, झोपेतही बोलते असं तिच्या सुना सांगतात. गावातली बाई असो की बुवा, तिच्या जात्यात सगळ्यांचं पीठ होतं.

आज पहाटे नऊ ओव्या झाल्या, पाणी प्याले. आजची मूठ बाजूला काढली, मग अजून चार मुठी पिशवीत घेतल्या. मोनिकानं दाखवलं होतं तसं मोबाईलमधलं लाल बटण एकदा दाबून बघितलं. माडीवर दिवा जळत होता, तीही उठलेली होती.

उंबऱ्यापाशी ह्यांचा आवाज आला, पांघरुणातून. "एवढ्या पहाटचं कुठं निघालीस?"

विचारलं की सांगावं लागतं. "चारशे माणसांचं दळण आहे," मी म्हटलं.

ते कुशीवर वळले. मी परत देवघरापाशी गेले, डबी उघडली आणि त्यातला सगळ्यात मोठा खडा निवडून कागदात बांधला. माझ्यासाठी नव्हे, आक्काबाईसाठी. दार ओढून घेतलं आणि कडी वाजू न देता गल्लीला लागले.