डाव्या हातावरची साखर

रतनच्या ब्लाउजची उजवी बाही डावीपेक्षा लांब शिवायची, असं तिच्या आईनं, चंद्राबाईनं, रसूल टेलरला सांगितलं. रसूलभाईनं मान डोलावली. कारण विचारलं नाही. सणसर गावात ते कारण माहीत नसलेला माणूस नव्हता.

दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत, कडबा तोडायच्या मशीनमध्ये, अडकलेला कडबा रतन ओढून काढत होती. लाईट गेली होती. बटण चालूच होतं, कारण सगळ्यांच्याच घरी ते चालू ठेवायचे. मशीन फिरायला लागली की लाईट आल्याचं कळायचं. त्या दिवशीही कळलं. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी राहिली. रतनला बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर बापानं, सोनबानं, मशीन विकून टाकली. तेव्हापासून तो जनावरांचा कडबा कोयत्यानं तोडतो. त्या हाताबद्दल तो कधी बोलला नाही. हाताकडे बघतही नसे.

रतन डाव्या हातानं लिहायला शिकली. वर्गातल्या एका पोरानं तिला थोटी म्हटलं, तेव्हा डाव्या हाताला आणखी काय काय जमतं तेही तिनं बघून घेतलं. पोराचा दात तसाही हलत होता.

आता ती दहावीत होती.

"उद्या बावड्याचं पावणं यायचं हायती," ब्लाउज न्यायला आलेली रतन म्हणाली. रसूलभाईची पोरगी शमा हुकं लावत बसली होती. दोघी एकाच वर्गात.

"मग रडतीस कशाला?"

"मी कुठं रडती?"

"न्हाय, रडायला पायजे म्हणून इचारलं."

"त्यास्नी होळीच्या आत लगीन पायजे. पेपर होळीनंतर हायती."

"आईला सांग की."

"सांगितलं. म्हणली, पेपर दरसाल असत्यात, नोकरदार नवरा दरसाल नसतो."

शमानं दातानं दोरा तोडला. "मग हात दाखव. चपला घालायला थांबायचं न्हाईत."

रतनला हे पटलं. हात कसल्यातरी उपयोगाला येईल असं पहिल्यांदाच वाटत होतं.

पाहुणे तिघं आले. मुलगा दत्तोबा साखर कारखान्यावर कामाला होता. तो आल्यापासून बंद पंख्याकडे बघत बसला. चुलता मोहनराव आपणच बोलत होता, आपणच हसत होता. आत्या, भिमाबाई, मात्र सगळं बघत होती, भिंतीवरच्या पालीसकट.

रतननं पोहे आणले. उजवा हात पदराखाली, ताट डाव्या हातावर. चंद्राबाई ताटाला खालून आधार देत सोबत चालत होती, जणू लेकीला चालायला शिकवतेय.

"नाव काय बाळ?" मोहनरावानं विचारलं.

"रतन सोनबा."

"शिक्षण किती?"

"दहावी," रतन म्हणाली.

"झालं की मग," मोहनराव म्हणाला. न झालेलं शिक्षण त्यानं एका वाक्यात उरकलं.

भिमाबाईनं पिशवीतून साखरेची पुडी काढली. त्यांच्यात मुलगी पसंत पडली की मुलाकडची बाई तिच्या उजव्या हातावर साखर ठेवते. तिनं ती खाल्ली की ठरलं. चंद्राबाईनं ब्लाउजचा विचार केला होता, पदराचा केला होता. साखरेचा केला नव्हता.

रतननं डावा हात पुढं केला.

"उजवा, गं. उजवा," भिमाबाई म्हणाली.

"उजवा कडबाकुट्टीत गेला," रतन म्हणाली, आणि पदर बाजूला करून बाही वर सारली.

चंद्राबाईनं डोळे मिटले. दत्तोबा पंख्यावरून खाली आला आणि परत वर गेला. भिमाबाईनं तो हात हातात घेतला, बाजारात भोपळा बघावा तसा उलटासुलटा केला.

"भाकरी थापता येती?"

"येती."

"खुरपायला?"

"येतं."

"मग चालतंय. ह्याची आई आजारी हाय. घरात भाकरी टाकणारं माणूस पायजे, आमाला काय पेटी वाजवून घ्यायची न्हाय." आणि तिनं डाव्याच हातावर साखर ठेवली. "खा."

चंद्राबाई रडायलाच लागली. आनंदानं.

रतन साखरेकडे बघत राहिली. जे होतं ते तिचं दाखवून झालं होतं. दाखवायला आता दुसरं काही नव्हतं. बोलावंच लागणार होतं, आणि ते तिनं ठरवून आणलं नव्हतं.

"मला न्हाय करायचं," ती म्हणाली.

"का? पोरात काय खोट हाय?" भिमाबाईनं विचारलं.

"न्हाय."

"तुझ्यात आणिक काय खोट हाय?"

"न्हाय. माझ्यातबी न्हाय. मला पेपर द्यायचं हायती."

तिनं साखर परत पुडीत ओतली. घामामुळे थोडी हाताला चिकटून राहिली.

"रतने!" चंद्राबाई ओरडली.

मोहनराव हसायचा थांबला. "सोनबा, पोरीला समजवा. असल्या हाताला दुसरं ठिकाण मिळायचं न्हाय."

सोनबा दारात उकिडवा बसला होता. त्यानं रतनच्या हाताकडे बघितलं. उजव्या. चांगला वेळ लावून बघितलं.

"बटण मी चालू ठिवलं हुतं," तो म्हणाला. "हात गेला. पेपर न्हाय जाऊ द्यायचा." मग उठून टोपी घातली. "इंदापूरची यष्टी यील आता. चला, फाट्यापतूर येतो."

भिमाबाईनं पुडी बांधून पिशवीत ठेवली. जाताना चंद्राबाईला म्हणाली, "पोहं चांगलं हुतं." दत्तोबा दारात रतनकडे बघून हसल्यासारखं काहीतरी करून गेला. सुटल्यासारखा तोही दिसत होता.

सोनबा परत आला तरी रतन अजून तिथंच उभी.

"पैला पेपर कशाचा?"

"मराठीचा."

"मग वाच की. हितं काय उभी ऱ्हायलीस?"

"वाचंल मागनं," आतून चंद्राबाई म्हणाली. "बश्या कोण घासणार? पावणं?"

रतननं बश्या घासल्या. मग वाचलं.