पिंजऱ्यातला बेक

टाउबर नदीकाठच्या आमच्या गावात पाववाले दोनच, आणि दोघांचंही नाव वेंडेल. एवढ्यानंच नगरप्रमुख ओटमारचं डोकं उठायचं. मेजवानीला एकाला बोलावलं की दोघं हजर. जाब विचारायला बोलावलं की एकही नाही. शेवटी त्यानं दवंडी पिटली, की येत्या बाजाराच्या दिवशी ज्याला त्याला धंद्याचं आडनाव मिळेल. पाववाल्याला 'बेक'. पण बेक एकच. पुन्हा दोन वेंडेल बेक झाले तर दवंडीचा उपयोग काय?

जाड्या वेंडेलची भट्टी भर चौकात. लुकड्या वेंडेलची डुकरांच्या खुराड्यामागे. शिवाय लुकडा पहाटे नदीत जाळंही टाकी. त्यामुळे त्याला 'फिशर' म्हणजे कोळी करून मोकळं व्हावं, असं गावाचं मत पडलं.

"नातवंडापतवंडांपर्यंत कोळी?" लुकड्याची बायको इर्मेल तडकली. "नावालाच मासळीचा वास!"

"बेक मीच होणार," लुकडा म्हणाला, आणि त्यानं कणकेचा गोळा चिमटून मुद्दाम लहान केला.

बाजारात पाव तोलला गेला. हलका भरला. आमच्याकडे याला एकच शिक्षा: पाववाल्याला पिंजऱ्यात कोंडायचं आणि लांब दांड्याला टांगून नदीत बुचकळायचं. बघायला गाव लोटलं.

"लाज नाही वाटत?" जाडा काठावरून ओरडला.

"थंडी वाटते," लुकडा म्हणाला आणि पाण्याखाली गेला.

वर आल्यावर त्यानं चूळ टाकली. "ओटमारदादा, हा पिंजरा कुणासाठी असतो?"

"पाववाल्यांसाठी."

"कोळ्याला कधी घातलंत यात?"

"त्याला कशाला? तो आपणहून भिजतो."

"मग मी कोण?"

ओटमार विचारात पडला. असं क्वचितच घडे, म्हणून लोक अदबीनं थांबले.

"तू बेक," तो म्हणाला.

"आणि मी?" जाडा किंचाळला. "जन्मभर भट्टी फुंकली मी!"

"पिंजऱ्यात कधी गेलास?"

"माझा पाव कधी हलका भरलाच नाही!"

"म्हणजे पुरावा नाही."

"मग बुडवा मला!"

"पूर्ण वजनाच्या पावासाठी? गावात काही कायदा आहे की नाही?"

जाड्यानं टोपी आपटली आणि रागाच्या भरात कपड्यांसकट नदीत उडी घेतली.

ओटमारनं वाकून पाहिलं. "आपणहून भिजला," तो म्हणाला. "फिशर."

इर्मेलनं नवऱ्याभोवती घोंगडी गुंडाळली. "चल बेक, भट्टी पेटव. आणि आता पाव नीट वजनाचा कर."

"करतो," बेक म्हणाला. "आधी त्याला माझं जाळं देऊन येतो."